कोकणात छोटं कुत्रं नैसर्गिक पद्धतीने सांभाळताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पशुवैद्य नाही. मालवण तालुक्यात राहते आणि गेली सोळा वर्षं घरात कायम एखादं छोटं कुत्रं आहे. सध्या चिंगी आहे, चार किलो दोनशे ग्रॅमची पॉमेरेनियन-मिश्र. मुंबईचे चाकरमानी, शेजारच्या वाडीतली माणसं, रत्नागिरी-दापोलीकडचे ओळखीचे लोक तेच तेच प्रश्न पाठवत राहतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात परत लिहिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘होलिस्टिक’ काळजी म्हणजे नक्की काय? डॉक्टरांची औषधं बंद करायची का?

नाही, बंद करायची नाहीत. खाणं, झोप, फिरणं, कातडी, दात, मन आणि राहण्याची जागा यांचा एकत्र विचार करायचा, इतकाच त्याचा अर्थ. माझ्याकडे याची सुरुवात रोज संध्याकाळी होते. दिवेलागणीनंतर चिंगीला मांडीवर घेते आणि डोळे मिटून दोन्ही हात कानांपासून शेपटीपर्यंत फिरवते. गाठ, खपली, गोचीड, गरम लागणारा कान, दाबल्यावर आखडणारा पाय हे सगळं डोळ्यांच्या आधी बोटांना कळतं. पाच मिनिटं लागतात. झाडपाल्याचा एकही उपाय या पाच मिनिटांइतका कामाला आलेला नाही. लस, जंतनाशक आणि तापाचं औषध मात्र डॉक्टरांचंच.

२. कोकणच्या हवेत कुठलं छोटं कुत्रं मानवतं?

सगळ्यात चांगलं मानवतं ते गावठी, छोट्या चणीचं. पॉमेरेनियन आणि डॅशहुंडही ठीक राहतात. ल्हासा आणि शिह त्झू मुळात तिबेटी थंडीचे, त्यांचे लांब केस इथल्या दमट हवेत सतत ओलसर राहतात, त्यामुळे केस आखूड ठेवून रोज विंचरावे लागतात. पग घेताना नीट विचार करा. कुत्रं धापा टाकून अंग थंड करतं, पगचं नाक चपटं असल्यामुळे त्याला ते नीट जमत नाही, आणि एप्रिल-मेच्या घामट उकाड्यात त्याचे फार हाल होतात.

३. पिल्लू दोन महिन्यांचं आहे. लसी कधी आणि बाहेर कधी न्यायचं?

पहिली लस सहा ते आठ आठवड्यांची असताना. त्यानंतर सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा डोस. रेबीजची लस तीन महिने झाल्यावर, मग डॉक्टर सांगतील तशी, बहुधा दरवर्षी. डोस पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर, कचऱ्याजवळ, दुसऱ्या कुत्र्यांच्या जागी सोडू नका, कारण पार्व्होचा (पिल्लांना उलट्या आणि रक्ताचे जुलाब करणारा आजार) विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो. कडेवर घेऊन मात्र जरूर हिंडवा. होडी, एसटीचा हॉर्न, कोंबडा, पाऊस, लहान मुलं हे सगळं त्याला याच वयात ओळखीचं होऊ द्या.

इथे लेप्टोची लस चुकवू नका. उंदराच्या मुतातले जंतू पावसाळ्यात डबक्यांत आणि शेताच्या पाण्यात पसरतात आणि हा आजार माणसांनाही होतो. पहिल्या वर्षी या लसीचे दोन डोस लागतात, पुढे वर्षाला एक. मी तो चिंगीला मे महिन्यातच देते, म्हणजे मिरग लागायच्या आत अंगात ताकद तयार असते.

दोन-तीन महिन्यांच्या अगदी छोट्या पिल्लाला उपाशी ठेवू नका. दिवसातून चार वेळा थोडं थोडं द्या. रक्तातली साखर उतरली की ते लडखडतं, थरथरतं. अशा वेळी हिरड्यांना बोटाने मध किंवा साखरेचं पाणी चोळा आणि लगेच दवाखाना गाठा.

४. घरचं जेवण देते. किती आणि काय द्यावं?

चार किलोच्या वयात आलेल्या कुत्र्याला दिवसाला साधारण ३०० कॅलरी पुरतात. एक मध्यम चपाती शंभराच्या आसपास जाते. म्हणजे घरातल्या प्रत्येकाने प्रेमाने एक-एक चपातीचा तुकडा दिला, तर त्याचं अर्धं जेवण तिथेच झालं. छोटी कुत्री लठ्ठ होतात ती बहुतेक अशीच.

चिंगीचा दिवसाचा अंदाज असा: शंभर ग्रॅम उकडलेलं कोंबडीचं मांस, वाटीभराहून थोडा कमी मऊ भात, दोन चमचे शिजवलेला लाल भोपळा किंवा फरसबी, अर्धा चमचा तेल. मीठ नाही, फोडणी नाही. आठवड्यातून एकदा मांसाच्या जागी थोडं काळीज आणि दोनदा अंडं. हे दोन वेळांत विभागून.

नुसतं मांस-भात मात्र पुरत नाही. मांसात कॅल्शियम जवळजवळ नसतं आणि वर्षानुवर्षं असंच खाणाऱ्या कुत्र्याची हाडं ठिसूळ होतात. अंड्याचं कवच धुऊन, उकळून, वाळवून मिक्सरमध्ये अगदी पिठासारखं करा. त्यातलं पाव चमचा रोज, चार किलोच्या वयात आलेल्या कुत्र्यासाठी. पिल्लाला हे प्रमाण चालत नाही, त्याचं डॉक्टरांकडून ठरवून घ्या. जस्त, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व घरच्या जेवणात कमी पडतातच, म्हणून मी डॉक्टरांनी सांगितलेली पूड वरून घालते. ज्यांना एवढं जमणार नाही त्यांनी चांगलं तयार खाणं द्यावं, त्यात कमीपणा काही नाही.

पोट बिघडलं तर एक दिवस मऊ भात, पेज आणि भोपळा. रक्त पडत असेल, उलट्या थांबत नसतील किंवा पिल्लू असेल तर घरी वाट बघू नका.

५. मासे द्यावेत का? कच्चे की शिजवून?

शिजवून, काटे काढून. तारली, बांगडा हे तेलकट मासे केसांना आणि कातडीला फार चांगले. कच्च्या तारलीसारख्या माशात बी-१ जीवनसत्त्व नासवणारा घटक असतो, शिवाय जंतही असू शकतात. शिजवल्यावर दोन्ही प्रश्न मिटतात.

मी बांगडा बिनमिठाच्या पाण्यात उकडते, कोमट झाला की मधला काटा उचलून टाकते आणि उरलेलं मांस अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीतून दोनदा सरकवते. पहिल्यांदा सुटलेले बारीक काटे दुसऱ्यांदा हाताला लागतात. सुकट, सुके बोंबील खारवलेले असतील तर नकोत. बिनमिठाचे वाळवलेले मिळाले तर खाऊ म्हणून एखादा चालतो. कोंबडीची शिजवलेली हाडं कधीच नाही, त्यांच्या सुया होतात.

६. काय अजिबात द्यायचं नाही?

कांदा आणि लसूण, कच्चे असोत की शिजवलेले: त्यांनी कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणजे आपली तिखल्याची आमटी, मटणाचा रस्सा, लसूण घातलेली सोलकढी सगळंच बाद. द्राक्षं आणि मनुका, त्यात शिऱ्यातला मनुकाही आला. चॉकलेट. झायलिटॉल घातलेल्या बिनसाखरेच्या गोळ्या आणि टूथपेस्ट. द्राक्षांतलं जे आम्ल मूत्रपिंडाला बाधतं असा पशुवैद्यांचा संशय आहे, तेच चिंचेत भरपूर असतं. म्हणून चिंचही लांब ठेवा, अंगणात झाड असेल तर पडलेल्या चिंचा रोज गोळा करा.

इथल्या घरांत आणखी दोन गोष्टी. हापूसची फोड चालते, बाटा (कोय) चालत नाही, तो छोट्या कुत्र्याच्या आतड्यात अडकला तर ऑपरेशनशिवाय सुटत नाही. आणि काजू भाजायच्या दिवसांत कुत्रं घरात बांधा, कारण काजूबीच्या टरफलातल्या तेलाने तोंड आणि पंजे भाजून निघतात.

माणसांच्या गोळ्याही याच यादीत. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन छोट्या कुत्र्याच्या जिवावर बेततात.

७. गोचिड्या जातच नाहीत. कापूर, लसूण, रॉकेल असे सगळे उपाय केले. आता काय?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी ते तीनही उपाय थांबवा. खोबरेलात कापूर घालून चोळणं कोकणात घरोघर चालतं, पण कापूर कुत्र्याला विषारी आहे. तो कातडीतून आत जातो, चाटून पोटात जातो आणि छोट्या अंगाला झटके येऊ शकतात. रॉकेलने कातडी जळते. लसणाचं वर सांगितलंच. टी ट्री तेलही नको, ते ‘नैसर्गिक’ असलं तरी.

मग घराकडे बघा. कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या थोड्या, बाकीच्या घरात असतात. पोट भरलेली मादी खाली उतरते, अंधाऱ्या फटीत शिरते आणि हजारोंनी अंडी घालते. आपल्या घरांच्या चिऱ्याच्या भिंती जिथे गिलावा केलेल्या नसतात तिथे छिद्रंच छिद्रं. आमच्या पडवीत बॅटरी तिरकी धरून पाहिलं, तेव्हा मातीच्या रंगाचे ठिपके ओळीने भिंतीवर चढत होते. चिंगीचं अंथरूण होतं तिथून हातभर वर. तेवढी भिंत सिमेंटने लिंपून घेतली, अंथरूण दर आठवड्याला उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात टाकलं, कुंपणालगतचं गवत काढलं. अर्धं काम तिथेच झालं.

उरलेलं अर्धं औषधाने. वजनाप्रमाणे डॉक्टरांनी दिलेली महिन्याची किंवा तीन महिन्यांची गोळी, किंवा मानेवर टाकायचे थेंब. मोठ्या कुत्र्याचं औषध अर्धं करून छोट्याला देऊ नका. घरात मांजर असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, पर्मेथ्रिन असलेली औषधं मांजराला मारक असतात. कुत्र्याला कधी फीट आली असेल तर तेही सांगा, काही गोळ्या त्यांना चालत नाहीत.

लागलेली गोचीड चिमट्याने कातडीजवळ पकडून सरळ वर ओढा. पिळू नका, काडी लावून जाळू नका, बोटांनी चिरडू नका. बोटांच्या बेचक्या, कानाच्या आतली घडी, पट्ट्याखाली, काखेत आणि शेपटीखाली रोज बघा.

८. गोचीड तापाला पपईच्या पानांचा रस चालतो का?

औषधाऐवजी नाही. हा ताप रक्तातल्या जंतूंमुळे येतो आणि पानांच्या रसाने ते मरत नाहीत. कडू रसाने छोटं कुत्रं ओकतं आणि उरलीसुरली ताकद जाते.

लक्षणं ओळखा: खाणं सोडणं, कोपऱ्यात पडून राहणं, अंग गरम, हिरड्या पांढुरक्या, पोटाच्या कातडीवर लाल टिपके, नाकातून रक्त, लघवी गडद. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट असतं, म्हणजे हाताला ते कायम गरमच लागतं, थर्मामीटर घरात ठेवाच. रक्त तपासून औषध ठरतं. एर्लिचिया नावाचा जंतू निघाला तर डॉक्सीसायक्लिन हे औषध, बहुधा चार आठवडे, आणि कुत्रं चौथ्या दिवशी उड्या मारायला लागलं तरी कोर्स पुरा करायचा. बबेसिया हा दुसरा जंतू, त्याचं औषध वेगळं असतं.

चिंगीच्या आधी आमच्याकडे बुंदी होती. श्रावणात तिने जेवण सोडलं. मी तिला तीन दिवस काढा पाजला, करंजतेल लावलं, पावसात कुठे न्यायचं म्हणून थांबले. चौथ्या दिवशी दवाखान्यात पोचलो तेव्हा तिच्या हिरड्या कागदासारख्या झाल्या होत्या. ते तीन दिवस मी आजही मोजते. म्हणून कुणीही विचारलं की एकच सांगते, जेवण सुटलं की दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना.

९. पावसाळ्यात अंगाला वास येतो, खाजवतं. रोज आंघोळ घालू का?

नको. तीन-चार आठवड्यांतून एकदा पुरे, आणि कुत्र्यांच्याच शाम्पूने. वास ओलीचा असतो. जून ते सप्टेंबर आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, दाट केसांच्या मुळाशी ओल राहते आणि बुरशी धरते. फिरून आलं की बेचक्या, पोट आणि कान सुक्या सुती कपड्याने टिपा. मी जुनं धोतर फाडून ठेवलंय, टॉवेलपेक्षा ते चटकन ओढून घेतं. चुलीजवळची ऊबदार जागा द्या, धुरात मात्र बसवू नका.

कडुलिंबाची पानं उकळून गार केलेलं पाणी आंघोळीनंतर अंगावरून ओतलं तर चालतं, डोळे सांभाळून. रिठ्याने डोळे फार झोंबतात. पॉमेरेनियनचे केस उन्हाळ्यात मुळापासून भादरू नका. त्यांचा दुहेरी कोट कधीकधी परत नीट येतच नाही.

कातडीवर गोल चट्टे, ओला जखमी डाग किंवा कानातून तपकिरी घाण येत असेल तर तपासून घ्या.

१०. मग खोबरेल, करंज, हळद, कोकमतेल यांतलं काय वापरता येतं?

खोबरेल: कोरड्या नाकाला, कोपराला थेंबभर. अंगभर चोपडलं तर केस चिकट होतात आणि सगळं चाटून जुलाब होतात. करंजतेल आणि कडुलिंबाचं तेल: शुद्ध कधीच नाही, चाटू शकेल तिथे नाही. मी आता वापरत नाही. हळद: ओरखड्याला चिमूटभर ठीक, खोल जखमेला किंवा चाव्याला नाही.

कोकमतेल मात्र मनापासून सांगते. कातळावर फिरून पंजे भेगाळतात, तेव्हा घट्ट गोळ्यातला वाटाण्याएवढा तुकडा तळहातावर चोळून वितळवायचा आणि रात्री झोपताना पंजाला लावायचा. आपण टाचांना लावतो तसाच. थोडं चाटलं तरी अपाय नाही. नुसतं, कापूर वगैरे न घातलेलं घ्या.

११. समुद्रावर नेलं तर चालेल का?

सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. हाताची मागची बाजू वाळूवर सात सेकंद ठेवून बघा, तुम्हाला सोसत नसेल तर पंजांनाही सोसत नाही. पिण्याचं पाणी घरून न्या. समुद्राचं पाणी प्यायलं तर उलट्या-जुलाब होतात आणि फार गेलं तर मीठ डोक्यात चढतं. रापण (किनाऱ्यावर ओढायचं मोठं जाळं) ओढलेल्या जागी सोडू नका. तिथे गळ, जेलीफिश आणि फेकून दिलेला केंड मासा पडलेला असतो, आणि केंड खाल्लेलं कुत्रं वाचणं कठीण. घरी आल्यावर गोड्या पाण्याने पाय आणि पोट धुवा, मग टिपा.

गळ्यात पट्टा अडकवून ओढू नका, छातीवरचा हार्नेस घ्या. छोट्या जातींची श्वासनलिका नाजूक असते.

१२. फुरसं चावलं तर गावठी औषध देऊ का? आणि बेडूक तोंडात धरला तर?

साप चावला तर पाला नाही, बांधणं नाही, चिरणं नाही. कुत्र्याला चालू न देता उचलून दवाखान्यात न्या. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही विषांवर एकच प्रतिविष आहे. त्याचा डोस कुत्र्याच्या वजनावर नाही, विषावर ठरतो, म्हणून छोट्या कुत्र्याला कमी पुरेल असं समजू नका. प्रत्येक दवाखान्यात ते असतंच असं नाही. तुमच्या जवळ कुठे मिळतं ते आज फोन करून विचारा आणि नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

खरबरीत कातडीचा बेडूक धरला की तोंडाला फेस येतो. डोकं खाली धरून ओल्या फडक्याने हिरड्या आणि जीभ पुन्हा पुन्हा पुसा, पाणी घशात ओतू नका. लडखडलं किंवा झटका आला तर लगेच निघा.

१३. रात्री पडवीत झोपवतो. नैसर्गिकच आहे ना ते?

घरात घ्या. बिबट्या वाडीत येतो तो बहुतेक कुत्र्यासाठीच. दिवसाही कठडा नसलेली विहीर आणि पावसात भरलेली चिरेखाण यांच्याजवळ मोकळं सोडू नका, खाणीच्या उभ्या कडा छोट्या कुत्र्याला चढता येत नाहीत. आंब्याला मोहोर आला की फवारणीच्या दिवसांत बागेत नेऊ नका.

१४. आमचं घर शाकाहारी आहे. कुत्रंही शाकाहारी राहील का?

राहू शकतं, पण वरणभात-दूधभातावर नाही. अंडं चालत असेल तर काम बरंच सोपं होतं. तेही चालत नसेल तर शाकाहारी कुत्र्यांसाठी संतुलित केलेलं तयार खाणं घ्या आणि वर्षातून एकदा रक्त तपासा. नाचणीत कॅल्शियम चांगलं असतं, पण तेवढ्यावर हिशेब पुरा होत नाही (प्रश्न ४ पाहा).

१५. नसबंदी करणं निसर्गाच्या विरुद्ध नाही का?

हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला होता. न केलेल्या मादीला वय वाढल्यावर गर्भाशयात पू होण्याचा मोठा धोका असतो. माज येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत जास्त पाणी पिणं, मरगळ, घाण स्राव दिसला तर तातडीने ऑपरेशनच करावं लागतं. शिवाय वाडीतला मोठा कुत्रा छोट्या मादीवर गेला तर पिल्लं अडतात. मी चिंगीची करून घेतली. वय डॉक्टरांशी बोलून ठरवा.

१६. गणपतीला मुंबईहून गावी आणायचंय. प्रवास आणि ढोल-फटाक्यांचं काय?

रेल्वेत कुत्रं सोबत न्यायचं तर पहिल्या वर्गाच्या एसीचा पूर्ण कूपे किंवा केबिन लागते, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. ती पेटी छोट्या, घाबरट कुत्र्यासाठी नकोच. गाडीने येत असाल तर निघण्याआधी तीन-चार तास जेवण देऊ नका (अगदी छोटं पिल्लू सोडून, प्रश्न ३), घाटाच्या आधी थांबा. बंद गाडीत पाच मिनिटंही एकटं ठेवू नका. निघायच्या आधीच गोचिडीचं औषध झालेलं असू दे.

आरतीच्या झांजा, फटाके आणि शिमग्याचे ढोल यांसाठी माजघरासारखी आतली खोली, पंखा चालू, तुमचा वापरलेला कपडा जवळ. फार थरथरत असेल तर डॉक्टर आधीपासून सौम्य औषध देतात.

१७. दुसऱ्या कुत्र्याने किंवा कोल्ह्याने चावलं. लस झालेली आहे, तरी?

तरी. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा, हातमोजे घालून, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, पुन्हा डोस लागतो. तुम्हाला ओरखडा आला असेल तर तुम्हीही सरकारी दवाखान्यात जा. रेबीज एकदा अंगात उठला की त्यावर कुठलाही उपाय नाही, कुणी कितीही खात्रीने मुळी दिली तरी.

१८. दात घासायलाच हवेत?

हो. छोट्या जबड्यात दात दाटीने येतात आणि हिरड्या लवकर खराब होतात. बोटाला ओलं फडकं गुंडाळून रोज, किंवा कुत्र्यांची पेस्ट घेऊन. आपली पेस्ट नाही, लवंगतेल नाही. सहा-सात महिन्यांनंतरही दुधाचा सुळा पडला नसेल तर दाखवा.

१९. कुत्रं बारा वर्षांचं आहे, रात्री खोकतं. आल्याचा रस देऊ का?

छोट्या जातींना उतारवयात हृदयाची झडप सैल पडण्याचा आजार बराच होतो, आणि खोकला त्याचा असू शकतो. आल्याने तो कळायचाही राहून जाईल. ते गाढ झोपलेलं असताना शेजारी बसा, घड्याळ समोर ठेवा आणि बरगड्यांकडे बघा. वर आणि खाली मिळून एक श्वास. पूर्ण मिनिट मोजा आणि कॅलेंडरवर तारखेखाली आकडा लिहा. चार-पाच दिवस असंच करा. आकडा सतत तिसाच्या वर जात असेल तर ते कॅलेंडरच घेऊन डॉक्टरांकडे जा.